चर्चच्या तळघरात थेरपी: श्रद्धा आणि मानसोपचार एका छताखाली नांदतील का?

मेधा_बाल्टिमोर

नमस्कार मंडळी. मी बाल्टिमोरमध्ये क्लिनिकल सोशल वर्कर आहे, म्हणजे रोजचं काम थेरपीचंच. माझ्याकडे येणाऱ्यांत कृष्णवर्णीय कुटुंबं बरीच असतात. इथल्याच एका कृष्णवर्णीय चर्चने (नाव मुद्दाम देत नाही) मला विचारलंय की आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्या तळघरातल्या खोलीत बसाल का? जागा चर्चची, आणि ज्यांच्याकडे विमा नाही त्यांची फी चर्चच्या निधीतून.

माझं मत आधीच सांगते: हे व्हायला हवं. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा येणारी माणसं दारातच अवघडतात. चर्चमध्ये त्यांची आजी, आई, ती स्वतः लहानाची मोठी झालेली असतात. तिथल्या खुर्चीत बसून बोलायला त्यांना नव्याने धीर गोळा करावा लागत नाही.

अडलंय ते पास्टरांच्या दोन अपेक्षांवर. माणूस अतिशय तळमळीचा आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पहिली अपेक्षा: प्रत्येक सत्र प्रार्थनेने सुरू व्हावं. दुसरी: ज्यांना ते माझ्याकडे पाठवतील त्यांचं कसं चाललंय हे त्यांना कळत राहावं. "मी त्यांचा मेंढपाळ आहे, मला माहीत असायला नको का?" असं ते म्हणाले.

तुम्हाला काय वाटतं? इथे डॉक्टर आहेत, ख्रिस्ती मंडळी आहेत, अंनिसवाले आहेत. सगळ्यांचं ऐकायचंय.

रानवाट

मेधाताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी साताऱ्याकडचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं आहे. उपचार हा माणसाचा हक्क आहे आणि तो धर्मस्थळाच्या दारातून जाऊन मिळवावा लागू नये. आज तळघरात तुम्ही आहात. उद्या तुम्ही गेलात की त्याच खोलीत कोणी "ही सैतानाची बाधा आहे" म्हणणारा बसला तर? लोकांना खोली ओळखीची, माणूस नवा. ते त्याच्यावरही तेवढाच विश्वास टाकतील.

शिवाय नैराश्य आलेल्या माणसाला "तुझी प्रार्थना कमी पडतेय" असं सांगणारे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असतात. पास्टरांच्या दोन्ही अपेक्षा नाकाराव्यात, आणि जमलं तर जागाही बाहेरची घ्यावी.

सुलभा_अटलांटा

रानवाट, तुमची काळजी खरी आहे. पण "बाहेरची जागा" कृष्णवर्णीय माणसासाठी काय होती ते आधी बघू या.

मी अटलांटात नर्स आहे. दवाखान्यात वयस्कर कृष्णवर्णीय पेशंट संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन-तीनदा प्रश्न विचारतात, आणि नव्या नर्सेस वैतागतात. त्यांना मी टस्कीगीबद्दल सांगते. अलाबामातल्या मेकन काउंटीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं, तुमच्या "खराब रक्तावर" इलाज चाललाय. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला, तरी यांना दिलं नाही. रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघायचं होतं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

आता चर्च. रिचर्ड ॲलन आणि अ‍ॅब्सलोम जोन्स यांना फिलाडेल्फियाच्या गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला आले, तेव्हा सगळे कृष्णवर्णीय मिळून बाहेर पडले. १७९४ साली ॲलन यांनी मदर बेथेल हे स्वतःचं चर्च उभारलं, १८१६ ला स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथ झाला. या लोकांच्या मालकीच्या पहिल्या संस्थांपैकी ही एक. शाळा, पतपेढी, मयताचा खर्च, नोकरीची शिफारस, मोर्चाची तयारी, सगळं तिथून. दवाखान्याने दार लावलं तेव्हा जे दार उघडं होतं, त्यातूनच लोक आत जाणार. हा माणसाने अनुभवाने केलेला हिशोब आहे, त्याला अंधश्रद्धा कसं म्हणायचं?

चिंगी_मावशी

वाचतेय. खूप दिवसांनी इतका चांगला धागा आला.

डॉ_विश्राम

मी नागपुरात मनोविकारतज्ज्ञ आहे. सुलभाताईंनी टस्कीगी सांगितलं, मी माझ्याच शाखेचं सांगतो, कारण ते आम्हाला शिकवताना वगळलं जातं.

१८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डॉक्टरने "ड्रेपटोमेनिया" नावाचा आजार जाहीर केला. लक्षण काय, तर गुलामाला पळून जावंसं वाटणं! उपाय म्हणून त्याने चाबूकही सुचवला होता. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आजही अमेरिकेत तीच लक्षणं घेऊन आलेल्या कृष्णवर्णीय पुरुषाला स्किझोफ्रेनियाचं निदान गोऱ्या माणसापेक्षा जास्त सहज दिलं जातं, आणि त्याचं नैराश्य नजरेतून सुटतं. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा अविश्वास हा त्या लोकांचा दोष नव्हे. आमच्या शाखेने तो कमावलेला आहे.

आता दुसरी बाजू. श्रद्धेचं बळ मी रोज बघतो. दर आठवड्याला चार माणसांत जाणं, कोणीतरी आपली वाट बघतंय हे कळणं, दुःख मोठ्याने म्हणायची मुभा असणं, हे सगळं औषधाइतकंच लागतं. पण मूड अगदी टोकाला गेलेला बायपोलर पेशंट, आवाज ऐकू येणारा तरुण, बाळंतपणानंतर बाळाला इजा करायचे विचार येणारी आई, यांना प्रार्थनेसाठी थांबवणं धोक्याचं आहे. माझी कसोटी सोपी आहे. पास्टर व्यासपीठावरून "तुमच्या गोळ्या चालू ठेवा" असं म्हणतात का? म्हणत असतील तर मेधाताई, खुशाल जा.

ग्रंथकीटक

मेधाताई, तुम्ही ज्या खोलीत बसणार आहात तिची एक थोरली बहीण होऊन गेली. तिच्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सेंट फिलिप्स एपिस्कोपल हे कृष्णवर्णीयांचं जुनं चर्च. १९४६ साली त्याच्या तळघरात लाफार्ग मेंटल हायजीन क्लिनिक सुरू झालं. त्यामागची माणसं बघा: फ्रेडरिक वर्थम हा जर्मनीतून आलेला मनोविकारतज्ज्ञ, रिचर्ड राइट हा कादंबरीकार, आणि चर्चचे रेव्हरंड शेल्टन हेल बिशप (बिशप हे आडनाव). हार्लेममध्ये लाखोंची वस्ती आणि मानसोपचाराची सोय जवळजवळ शून्य. शहरातल्या इतर ठिकाणी कृष्णवर्णीयांना घेत नसत किंवा टाळत. वर्थमने सरकारकडे, मोठ्या देणगीदारांकडे पैसे मागून पाहिले, मिळाले नाहीत. तेव्हा बिशप यांनी तळघर दिलं. डॉक्टर, सोशल वर्कर सगळे बिनपगारी, आणि त्यांत काळे-गोरे दोन्ही. आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना चाले. फी पंचवीस सेंट, तेही नसतील तर फुकट.

मला त्यातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. तिथल्या डॉक्टरांनी पेशंटला "तुझ्यात काय बिघडलंय" एवढंच विचारलं नाही. घरभाडं, पोलीस, शाळा, नोकरीत मिळणारी वागणूक, हे सगळं निदानाचा भाग धरलं. डेलावेअर राज्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध खटला उभा राहिला तेव्हा वर्थम यांनी तिथल्या काळ्या-गोऱ्या मुलांना याच क्लिनिकमध्ये आणून तपासलं आणि वेगळं ठेवण्याने मुलांच्या मनाला इजा होते अशी साक्ष दिली. तो खटला अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झालेल्या खटल्यांपैकी एक. तळघरातली दोन संध्याकाळची ओपीडी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचली!

१९५८ च्या सुमारास ते बंद पडलं.

रानवाट

ग्रंथकीटक, माहितीबद्दल मनापासून आभार, हे मला ठाऊक नव्हतं. पण तुमचंच उदाहरण माझी बाजू मांडतंय. त्या क्लिनिकला नाव कुणाचं? पॉल लाफार्ग, कार्ल मार्क्सचा जावई! चर्चने जागा दिली, पण कारभारात धर्म आणला नाही. रेव्हरंड बिशप यांनी "पेशंटचं काय चाललंय ते मला कळवा" असं म्हटलं असतं तर वर्थम टिकले असते का?

आणि टस्कीगीबद्दलही एक गोष्ट. तिथेही माणसं गोळा केली ती शाळा-चर्चांमधून निरोप देऊनच. चर्चवरचा विश्वास उसना घेऊन सरकारने लोकांना फसवलं. म्हणून विश्वासाच्या जागी बसणाऱ्याने दुप्पट सावध राहायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

सुलभा_अटलांटा

हे मात्र शंभर टक्के मान्य.

शांतवन

मी मराठी ख्रिस्ती, मूळ अहमदनगरचा, आता पुण्यात. या धाग्यावर लिहायला मला थोडं जड जातंय, तरी लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला विशीत नैराश्य आलं. एका पाळकांनी त्याला घरी येऊन सांगितलं की एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल, आठवून बघ. तो रात्र रात्र जागून आठवत बसायचा. आजारी माणसाला आणखी एक आरोप मिळाला. नंतर दुसऱ्या मंडळीतले एक पाळक आले. त्यांनी पहिल्या भेटीत पवित्र शास्त्र उघडलंसुद्धा नाही. विचारलं, "झोप लागते का? जेवतोस का?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षाने त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले, बाहेर बाकावर बसून राहिले. भाऊ आज बरा आहे, गोळ्या घेतो, उपासनेत पेटी वाजवतो. दोघेही पाळकच. फरक पडला तो त्यांच्या तयारीने.

मेधाताई, कृष्णवर्णीय चर्चमधले अनेक उपदेशक या विषयावर बोलताना एलीयाची गोष्ट घेतात. पहिलं राजे, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा, पण ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत येतो तेव्हा त्याला रागावत नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" असं विचारत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो. एलीया खातो, झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. मगच पुढची वाट. पास्टरांना पटवायचं असेल तर हाच अध्याय घेऊन बसा. कायदा त्यांना बाहेरचा वाटेल, हा घरचा आहे.

खवय्या_ठाणे

आधी भाकरी, मग झोप, उपदेश सगळ्यांत शेवटी. हा देवदूत नक्की कोणाची तरी आई असणार :)

चिंगी_मावशी

खवय्या, १००% :D शांतवन, तुमच्या भावाला खूप शुभेच्छा. पेटी वाजवतात हे वाचून बरं वाटलं.

जुना_सभासद

थोडं अवांतर, पण आपला आणि या विषयाचा धागा जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. शंभर वर्षांनी, १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. आणि कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटून गेले.

माझ्या मनात येतं ते असं. अपमान पिढ्यान् पिढ्या साठला की त्याचा आजार होतो, हे आपल्याकडच्या दलित आत्मकथनांत पानोपानी आहे. त्याला थेरपी म्हणून कोणी पाहिलं नाही. सभा, जलसे, वस्तीतलं बुद्धविहार, यांनी ते काम आपापल्या परीने केलं. त्यामुळे सुलभाताई चर्चबद्दल जे सांगतात ते मला परकं वाटत नाही.

किशोर_ह्यूस्टन

जुना_सभासद, हे अवांतर नाही, मुद्द्याच्या मुळाशी आहे. मार्टिन ल्यूथर किंग १९६७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात बोलले होते. तुम्ही लोक "जुळवून घेता न येणं" हा दोष मानता, पण अन्यायाशी जुळवून घेऊच नये, असा त्यांचा रोख होता. पास्टरने मानसशास्त्रज्ञांना त्यांच्याच घरात जाऊन सुनावलं.

आता थोडी आकडेवारी. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकसंख्या साधारण १३ टक्के, पण मानसशास्त्रज्ञांत त्यांचं प्रमाण ४-५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्यासारखा दिसणारा थेरपिस्ट हवा असेल तर मिळायची मारामार. आणि मुलांचं चित्र काळजीचं आहे: ५ ते १२ वयोगटातल्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट असल्याचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने याच विषयावर धोक्याची घंटा वाजवणारा अहवाल काढला.

चर्चेसही स्वस्थ नाहीत. हार्लेमच्या फर्स्ट कॉरिंथियन बॅप्टिस्ट चर्चचं होप सेंटर लायसन्सधारी थेरपिस्टांकडून मोफत थेरपी देतं. आत्महत्या प्रतिबंधासाठी चर्चना तयार करणाऱ्या 'सोल शॉप' प्रशिक्षणाची खास कृष्णवर्णीय चर्चसाठी आवृत्ती आहे. मेधाताई, तुमच्या पास्टरांना आणि चर्चमधल्या दहा-बारा जणांना ते आधी करायला सांगा.

पाऊसवेडा

सगळे चर्चच्या प्रेमात पडलेले दिसतायत म्हणून एक टोचणारा मुद्दा. माझा इथला जवळचा मित्र कृष्णवर्णीय आहे आणि समलिंगी आहे. त्याला पॅनिक अटॅक यायचे, आणि त्यातले निम्मे ज्या चर्चमध्ये वाढला त्या चर्चने दिलेले. घरच्यांनी त्याला पास्टरकडेच पाठवलं होतं "बरं व्हायला". तो तुमच्या तळघरात पाय ठेवेल? थेरपीची एकमेव परवडणारी सोय चर्चमध्ये असेल तर ज्यांना चर्चनेच दुखावलं त्यांनी जायचं कुठे?

मेधा_बाल्टिमोर

पाऊसवेडा, हा प्रश्न मी टाळणार नाही. तुमचा मित्र तिथे येणार नाही, आणि त्याने यावं असा आग्रहही मी धरणार नाही. माझ्या नेहमीच्या ऑफिसात त्याच सवलतीच्या दरात जागा राखून ठेवता येईल आणि चर्चच्या निधीतून त्याला पैसे देता येतील का, हे मी विचारणार आहे. तळघर हे अनेक दारांतलं एक दार असावं. आणि माझ्या खोलीत कोणाची लैंगिकता "बरी" करण्याचा विषय येणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलंय. पास्टर थोडा वेळ गप्प राहिले, मग "मान्य" म्हणाले.

पण दुसरीही बाजू सांगते. याच चर्चमध्ये पांढऱ्या पोशाखातल्या ज्येष्ठ बायका असतात, त्यांना सगळे "मदर" म्हणतात. कोणाचा मुलगा तुरुंगात आहे, कोणाचं घर जाणार आहे, कोण तीन रविवार दिसलं नाही, हे त्यांना कोणत्याही यंत्रणेआधी ठाऊक असतं. त्यांच्यातल्या एकीने मला हात धरून सांगितलं, "आम्ही इतकी वर्षं खंबीर राहिलो, कारण कोसळायला जागाच नव्हती. माझ्या नातीला तरी ती मिळू दे." या बाईंना मी रक्तदाब तपासणीच्या टेबलाशी पाहिलं होतं. चर्चमध्ये रक्तदाब तपासणं आता नेहमीचं झालंय. एड्सच्या काळात हार्लेम हॉस्पिटलमधल्या इम्युनॉलॉजिस्ट पर्नेसा सील यांनी १९८९ मध्ये चर्चेस आणि मशिदींना एकत्र आणून प्रार्थना सप्ताह घडवला. जो आजार व्यासपीठावरून उच्चारलाही जात नव्हता तो उच्चारला जाऊ लागला. मग मनाच्या आजाराचं तसं का नाही होणार?

सुलभा_अटलांटा

मेधा, त्या मदरचं वाक्य वाचून डोळे भरले.

पाऊसवेडांच्या मुद्द्याला जोडून एक लिहायचंय. चार्ल्सटनचं इमॅन्युएल चर्च. १७ जून २०१५, बुधवारचा बायबल अभ्यास. एका अनोळखी गोऱ्या तरुणाला त्यांनी आपल्यात बसवून घेतलं आणि त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांत कोर्टात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं. सगळं जग भारावलं. मीही. पण इतर काही नातेवाइकांनी पुढे सांगितलं की आम्ही तेव्हा तिथवर पोहोचलो नव्हतो, काहींना वर्षं लागली. टीव्हीवर मात्र क्षमेचंच कौतुक चाललेलं. ज्याला राग येतोय त्याने काय करायचं? आपला विश्वास कमी पडतोय असं त्याला वाटलं तर?

थेरपिस्ट इथेच लागतो, असं मला वाटतं. क्षमा ज्याच्या आतून आली, त्याच्यासाठी ती खरी आणि मोठी आहे, तिचा मी अपमान करणार नाही. पण दुःखाला वेळापत्रक लावायचं नाही, राग बोलून दाखवायला जागा द्यायची, हे रविवारच्या उपासनेत जमेलच असं नाही. मंगळवारी संध्याकाळी बंद खोलीत जमेल.

डॉ_विश्राम

सुलभाताई, उत्तम लिहिलंत. स्तोत्रसंहितेत तक्रारीची, रागाची स्तोत्रं बरीच आहेत ना? शांतवन सांगू शकतील.

शांतवन

डॉक्टर, भरपूर आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, दिलासा येतच नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

आता प्रार्थनेने सत्र सुरू करण्याबद्दल. मी श्रद्धावान आहे, तरी माझं उत्तर नाही. समोरच्याने मागितली तर करावी. खोलीचा नियम म्हणून नको. देवावर रागावलेल्या माणसाला प्रार्थनेसाठी डोळे मिटायला लावलं की तो पुढचा तासभर सभ्यपणे खोटं बोलेल.

किशोर_ह्यूस्टन

+१. शेवटचं वाक्य पास्टरांना जसंच्या तसं सांगा.

अनिता_न्यूजर्सी

मी एका हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचं काम बघते, म्हणून मेधाच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मूळ प्रश्न मागेच पडलाय!

मेधा, इथे तुझ्या हातात पर्याय फारसा नाही, आणि ते चांगलंच आहे. लायसन्सधारी थेरपिस्टने पेशंटच्या लेखी संमतीशिवाय पास्टरला काही सांगायचं नाही. "येतात, बरं चाललंय" हेसुद्धा नाही. कोण येतं हीच गुप्त माहिती आहे. अपवाद ठरलेले: मुलांवर अत्याचाराचा संशय, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका, कोर्टाचा हुकूम.

पण पास्टरांना नुसतं "कायदा आहे" म्हणू नकोस. त्यांना सांग की त्यांच्याकडे एकांतात कोणी कबुली दिली तर ते ती बाहेर सांगतील का? नाही. मग त्यांच्या खोलीला जो मान, तोच तुझ्या खोलीला. आणि ज्याला पास्टरने सोबत असावं असं वाटतं त्याच्यासाठी संमतीपत्र ठेव: नक्की काय सांगायचं, किती दिवसांसाठी, आणि कधीही मागे घेता येईल असं.

काही बारीक गोष्टी, ज्या लोक विसरतात. नोंदी चर्चच्या कपाटात किंवा कम्प्युटरवर नकोत. वेळ चर्चच्या ऑफिसमधून ठरवायची नाही, तुझ्या फोनवर. फी निधीतून जाते ना, मग बिलावर नाव न जाता फक्त सत्रांची संख्या जावी, नाहीतर खजिनदाराला सगळं कळणार. आणि तळघराला पार्किंगकडून वेगळं दार असेल तर तेच वापर. बायबल अभ्यासाच्या संध्याकाळी बसू नकोस, सगळे तिथेच असतील.

डॉ_विश्राम

अनिताताईंच्या यादीत भर: तातडीच्या वेळी काय करायचं ते पास्टर आणि मदर मंडळींना कागदावर लिहून द्या. ९८८ हा आत्महत्या आणि संकटकाळासाठीचा राष्ट्रीय क्रमांक २०२२ पासून आहे, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं. तुम्ही दोनच संध्याकाळी असणार, माणूस शनिवारी पहाटे कोसळू शकतो.

ग्रंथकीटक

खजिनदाराचा मुद्दा फार महत्त्वाचा. मला सुचलाच नसता.

मेधा_बाल्टिमोर

अनिता, डॉक्टर, मनापासून आभार. परवा पास्टरांना भेटून आले. एलीयाचा अध्याय घेऊनच गेले होते, शांतवन. त्यांनी तो अर्थात माझ्याआधीच पाठ म्हणून दाखवला, पण "देवदूताने विचारपूस केली आणि ती कोणाला कळवली नाही" असं मी म्हटल्यावर मोकळेपणाने हसले.

ठरलं ते असं. प्रार्थना फक्त मागणाऱ्यासाठी, आणि ती मी करणार नाही. हवी असेल तर सत्र संपल्यावर पास्टर किंवा मदर वर थांबतील. पास्टरांना महिन्याला एकच आकडा मिळेल, किती सत्रं झाली तो. पास्टर, त्यांची पत्नी आणि मदर मंडळी प्रशिक्षण घेतील, मगच मी बसायला सुरुवात करणार. पहिल्या रविवारी ते व्यासपीठावरून सांगतील की औषधं चालू ठेवणं हा अविश्वास नाही. हे वाक्य त्यांनी स्वतः सुचवलं. त्यांच्या थोरल्या भावाची काहीतरी गोष्ट आहे, ती त्यांची आहे म्हणून इथे लिहीत नाही.

पाऊसवेडा, बाहेरच्या ऑफिससाठी निधी वापरायला त्यांची समिती अजून तयार नाही. मी पुन्हा मांडणार आहे.

पाऊसवेडा

मांडत राहा. माझा मित्र म्हणाला, निदान कोणी विचारलं तरी.

रानवाट

मेधाताई, माझा मूळ आक्षेप कायम आहे: हे काम सरकारी दवाखान्याने वस्तीत करायला हवं. पण ते होईपर्यंत लोकांनी वाट बघत बसावं असं मी म्हणू शकत नाही, आणि तुम्ही घातलेल्या अटी मी माझ्या कार्यकर्त्यांना दाखवणार आहे. आमच्याकडे दर्ग्यांत, देवळांत दवा आणि दुआ एकत्र आणायचे प्रयोग झालेत, गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यातला त्यांपैकीच. तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याच्या परिसरात २००१ साली साखळदंडात बांधलेली २८ माणसं आगीत गेली, त्यानंतर अशा ठिकाणांकडे पाठ फिरवून चालणार नाही हे आम्हालाही कळलंय. फक्त गोपनीयतेचा एवढा बारीक विचार आमच्याकडे कोणी केलेला मी पाहिला नाही.

एक प्रश्न उरतो. लाफार्ग बंद पडलं ते पैशांअभावी ना? तुमचा निधी आटला तर अर्ध्या उपचारावरच्या माणसांचं काय?

ग्रंथकीटक

पैशांची चणचण कायम होतीच, रानवाट. सरकारी अनुदान त्यांना कधी नीट मिळालंच नाही, बिनपगारी माणसांच्या जोरावर बारा वर्षं ओढलं.

मेधा_बाल्टिमोर

रानवाट, हाच प्रश्न मी समितीला विचारला. एका पेशंटला सुरुवात करतानाच त्याच्या सहा महिन्यांच्या सत्रांचे पैसे बाजूला काढायचे, म्हणजे निधी संपला तरी नवे घेणं थांबेल, चालू असलेले थांबणार नाहीत. त्यामुळे एका वेळी कमी जण घेता येतील, प्रतीक्षायादी होईल. शिवाय मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असलेल्यांचं बिल मेडिकेडलाच लावायचं, निधी फक्त ज्यांना काहीच नाही त्यांच्यासाठी. खजिनदारबाई निवृत्त बँक कर्मचारी आहेत, त्यांनी जागेवर हिशोब मांडून दाखवला. पहिल्या वर्षाला पुरेल, दुसऱ्या वर्षासाठी शेजारच्या दोन चर्चेसना सोबत घ्यावं लागेल. त्यांच्या पास्टरांशी बोलणं पुढच्या महिन्यात आहे. अनुदानासाठी अर्ज लिहिण्याचा अनुभव कोणाला असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, खरंच गरज आहे.

अनिता_न्यूजर्सी

व्यनि केलाय.